एमसीबी पडतोय म्हणून डीबी बदलायचा का?

डीबी (घरातल्या सगळ्या सर्किटांना वीज वाटून देणारी पेटी) बदलायचा विचार बहुतेक घरांत एकाच कारणाने सुरू होतो: एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप वीज तोडणारा स्विच) सारखा पडतो. त्यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे ‘सोळाचा काढा, पंचवीसचा टाका’, म्हणजे १६ अँपिअरच्या जागी २५ चा. पाच मिनिटांचं काम, एमसीबी पडायचा थांबतो, सगळे खूश. पण एमसीबी गिझरला किंवा एसीला वाचवण्यासाठी बसवलेला नसतो. तो भिंतीतल्या वायरीला वाचवण्यासाठी असतो. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला, की ज्या लोडला पूर्वी एमसीबी पडायचा त्याच लोडला आता वायर तापते, आणि ती भिंतीत असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून तीन गोष्टी आधीच वेगळ्या धरायच्या. एक, डीबी: पेटी, बसबार (एमसीबींना वीज पोचवणारी धातूची पट्टी), एमसीबी, आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच). दोन, डीबीपासून पॉइंटपर्यंतचं वायरिंग. तीन, मीटरपासून डीबीपर्यंत येणारी मेन वायर आणि वीज कंपनीकडे नोंदवलेला मंजूर भार. दुखणं एकीचं असतं आणि बदलली जाते दुसरीच, असं फार वेळा होतं. दीड स्क्वेअर एमएमच्या जुन्या वायरीवर कितीही चकचकीत डीबी बसवला तरी एसीचा प्रश्न सुटत नाही.

खालचे सगळे आकडे २३० व्होल्टच्या पुरवठ्याचे आहेत.

आधी बघा, किती वेळाने पडतो

एमसीबीच्या आत दोन यंत्रणा असतात. एक दोन धातूंची पट्टी, जी तापून हळूहळू वाकते, ती ओव्हरलोडसाठी. दुसरी चुंबकीय कॉइल, जी क्षणात खटका मारते. ती शॉर्ट सर्किटसाठी. घरगुती एमसीबीच्या मानकानुसार (आयईसी ६०८९८) १.१३ पट करंटला एमसीबी तासभर पडता कामा नये आणि १.४५ पट करंटला तासाभरात पडलाच पाहिजे. म्हणजे १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरला तासभर निवांत उभा राहतो, २३ ला तासाच्या आत पडतो. साधारण ४१ अँपिअरला (२.५५ पट) तो १ ते ६० सेकंदांत पडतो. कॉइल कधी उडते ते ‘कर्व्ह’वर ठरतं: बी कर्व्हचा ३ ते ५ पटीला, सी कर्व्हचा ५ ते १० पटीला, डी कर्व्हचा १० ते २० पटीला. एमसीबीवर ‘सी १६’ असं छापलेलं असतं ते हेच.

आता निदान सोपं होतं. बटण दाबताक्षणी पडत असेल तर शॉर्ट आहे, किंवा मोटर-कॉम्प्रेसरच्या सुरुवातीच्या झटक्यापुढे बी कर्व्हचा एमसीबी टिकत नाहीये. दुसऱ्या शक्यतेत त्याच अँपिअरचा सी कर्व्ह बसवला की काम झालं. डीबीला हातही लावायला नको. वीस मिनिटं, अर्धा तास चालून मग पडत असेल तर तो ओव्हरलोड आहे. एका सर्किटवर दोन जड उपकरणं आली आहेत. त्यांतलं एक स्वतंत्र वायर ओढून वेगळं करायचं. डीबीत मोकळी जागा असेल तर इथेही डीबी बदलायची गरज नाही.

तिसरा प्रकार जरा फसवा आहे. लोड मामुली, क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर) ८-९ अँपिअरच दिसतात, तरी १६ चा एमसीबी पडतो. तेव्हा एमसीबीच्या स्क्रूखालची वायर सैल असण्याची शक्यता मोठी. सैल जोड तापतो, ती उष्णता आतल्या पट्टीपर्यंत पोचते आणि पट्टी ओव्हरलोड समजून वाकते. असा एमसीबी बदलून नवा बसवला आणि वायरीचं टोक तेच काळवंडलेलं ठेवलं, तर थोड्या दिवसांनी पुन्हा तेच.

आणि पडतो तो खरोखर एमसीबीच आहे का, हेही एकदा बघा. ज्याच्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण आहे तो आरसीसीबी. त्याला ओव्हरलोडशी काही देणंघेणं नसतं. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत येतो की नाही, एवढंच तो मोजतो. तो पडत असेल तर सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याला पडेल ते सर्किट सापडलं. गिझरचं एलिमेंट आणि पावसात भिजणारा बाहेरचा दिवा हे नेहमीचे संशयित. सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी वर टिकत नसेल तर चक्रावू नका: साधा सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. कुठेतरी न्यूट्रल अर्थिंगला किंवा ओल्या भिंतीला टेकलाय. मग न्यूट्रल पट्टीवरून एकेक वायर सोडवून शोधावं लागतं, आणि ते मेन बंद करून, वायरमनकडूनच.

बेरीज मांडा, पण खरी

घरातली सगळी उपकरणं एकत्र धरली तर आकडा भीतिदायक निघतो. उदाहरणार्थ: गिझर २००० वॉट, दीड टनाचे दोन एसी प्रत्येकी १५००, इंडक्शन १८००, मायक्रोवेव्ह १४००, पाणी तापवणारं वॉशिंग मशीन २०००, इस्त्री १०००, फ्रिज २००, दिवे-पंखे-टीव्ही मिळून ८००. एकूण १२,२०० वॉट, भागिले २३०, म्हणजे ५३ अँपिअर. हा आकडा दाखवून थेट ६३ अँपिअरचा मेन, म्हणजे अख्ख्या घराचा मुख्य स्विच, विकला जातो. पण सगळं एका वेळी कधीच चालत नाही. हिशोब वेळेनुसार मांडायचा.

सकाळी गिझर, इंडक्शन, वॉशिंग मशीन, इस्त्री, फ्रिज आणि थोडे दिवे-पंखे: साधारण ७३०० वॉट, ३२ अँपिअर. रात्री दोन एसी, इंडक्शन, फ्रिज, दिवे-टीव्ही: ५८०० वॉट, २५ अँपिअर. म्हणजे या घराची खरी कसोटी सकाळी लागते, एसीच्या वेळी नव्हे. ३२ चा मेन इथे काठावर आहे. ४० चा ऐसपैस चालेल, पण मेन वायरीला तो झेपला तरच.

आता याच घरात ई-गाडी आली असं धरा. ३.३ किलोवॅटचा चार्जर रात्री दोन एसी, फ्रिज आणि थोड्या दिव्या-पंख्यांबरोबर चालला तर ६८०० वॉट, ३० अँपिअरच्या आत. सकाळच्या गर्दीपेक्षा कमी! फक्त तो रात्री उशिरा सुरू व्हावा एवढी वेळ लावायची. तोच चार्जर ७.४ किलोवॅटचा घेतला तर एकटा ३२ अँपिअर ओढतो, बाकीचं तेच सगळं धरून ४७. इथे मात्र डीबी, मेन वायर आणि मंजूर भार, तिन्ही बदलावे लागतात, आणि बऱ्याचदा थ्री फेज घेणं शहाणपणाचं ठरतं. चार्जर निवडण्याआधी हे गणित करा. गाडी दारात आल्यावर केलं तर निवड उरत नाही.

कागदावरच्या बेरजेवर विसंबू नका. क्लॅम्प मीटर मेनच्या फेजला अडकवून, सगळ्यात गर्दीच्या वेळी तासभर बघा. पुष्कळ इलेक्ट्रॉनिक मीटर कमाल मागणीचा आकडाही स्क्रीनवर दाखवतात. मोजलेला आकडा मेनच्या रेटिंगच्या ८० टक्क्यांवर तास-तास राहत असेल, तर वाढवायची वेळ झाली. ८० टक्के यासाठी, की एमसीबीचं रेटिंग साधारण ३० अंश तापमानाला ठरवलेलं असतं, आणि बंद पेटीत एकमेकांना चिकटून बसलेले, सगळेच लोडवर असलेले एमसीबी एकमेकांना तापवतात. अर्धा तास चालणाऱ्या गिझरला हे जाणवत नाही. सलग सात-आठ तास चालणाऱ्या चार्जरला हमखास जाणवतं.

मेन वायरीचं गणित तर बहुतेक वेळा विसरलंच जातं. भिंतीतल्या पाइपमधून जाणारी, पीव्हीसी आवरणाची तांब्याची वायर ४० अंश तापमानात साधारण इतका करंट पेलते: दीड स्क्वेअर एमएम १५ अँपिअर, अडीच २१, चार २८, सहा ३६, दहा ५०. त्याच पाइपमध्ये दुसरं सर्किटही भरलेलं असेल तर यातून २० टक्के वजा, तीन सर्किट असतील तर ३० टक्के. म्हणजे मीटरपासून सहाची वायर आली असेल तर तिच्यावर ४० चा एमसीबी बसवणं चूक आहे. त्याला दहाची वायर हवी. अडीचच्या वायरीवर २५ चा एमसीबी ही तर नेहमी दिसणारी चूक.

न वाद घालता बदलावा असा डीबी

काही खुणा दिसल्या की गणित करत बसायचं नाही.

जळका वास, प्लॅस्टिकवर तपकिरी-काळे डाग, झणझण किंवा फसफस असा आवाज. सैल जोडाचा रोध एक दशांश ओहम झाला तरी १५ अँपिअरला तिथे साडेबावीस वॉट जळतात, म्हणजे एका स्क्रूच्या डोक्याएवढ्या जागेत छोटं सोल्डरिंग आयर्न पेटवून ठेवल्यासारखं. उष्णतेने तांब्यावर काळपट थर येतो, रोध आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते. हे चक्र आपोआप थांबत नाही. डाग एकाच एमसीबीशी असेल तर तो एमसीबी आणि वायरीचं टोक बदलून भागेल. बसबार काळा पडला असेल किंवा पेटीचं प्लॅस्टिक वितळलं असेल तर अख्खा डीबी बदला.

किटकॅट फ्यूजचा बोर्ड. चिनी मातीच्या फ्यूजमध्ये तत्त्वतः वाईट काही नाही. खोट आहे ती त्यात हाताला लागेल ती तार घातली जाते यात. ५ अँपिअरला ०.२ मिलिमीटरची कथिल चढवलेली तांब्याची तार लागते, १५ ला ०.५ ची. प्रत्यक्षात वायरीचाच एक धागा सोलून घातलेला सापडतो. योग्य तार असली तरी ती सुमारे दुप्पट करंटला वितळते, म्हणजे ओव्हरलोडला जवळजवळ उपयोग नाही. त्यातून खूप जुन्या बोर्डांवर न्यूट्रललाही फ्यूज असतो. तो आधी उडाला तर उपकरण बंद पडतं, पण फेज आत तसाच जिवंत राहतो. बंद दिसतंय म्हणून कुणी उघडून हात घातला की संपलं. न्यूट्रलमध्ये फ्यूज दिसला तर दुसरं कारण शोधू नका.

आरसीसीबीच नसणं. अर्थिंग चांगलं आहे मग आरसीसीबी कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी हे गणित. सी कर्व्हचा २० चा एमसीबी क्षणात पडायची खात्री हवी तर २०० अँपिअर वाहायला हवेत. त्यासाठी फेजपासून अर्थिंगमार्गे परत ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या संपूर्ण वाटेचा रोध १.१५ ओहमच्या आत लागतो. जमिनीत पुरलेल्या नळीवर किंवा प्लेटवर अवलंबून असलेल्या घरात तो मिळणं कठीण. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला मात्र अर्थिंगचा रोध शेकडो ओहम असला तरी चालतो, शिवाय माणसाच्या अंगातून गळणारा करंटही त्याला ओळखता येतो. एमसीबीला तो कधीच कळणार नाही. (याचा अर्थ अर्थिंग सोडून द्या असा नाही. अर्थिंग नसेल तर गळती होऊनही आरसीसीबीला पत्ता लागत नाही. कुणीतरी हात लावल्यावरच तो पडतो.)

एका एमसीबीच्या खाली दोन-दोन, तीन-तीन वायरी. पेटीत जागा संपल्याची ही सरळ पावती. वेगवेगळ्या जाडीच्या दोन वायरी एका स्क्रूखाली कधीच नीट आवळल्या जात नाहीत. जाडी धरली जाते, बारीक सैल राहते.

गंज, आत पाणी उतरल्याचे ओघळ, वाळवीची माती, बसबारवर चिकटून मेलेली पाल. पेटीची भोकं उघडी राहिल्याची ही लक्षणं. पाणी आत आलं असेल तर आधी ते कुठून येतं ते शोधा. वरून येणाऱ्या पाइपातूनच पाणी झिरपत असेल तर नवा डीबीही तसाच भिजेल.

अॅल्युमिनियमच्या वायरी. त्यांचा पृष्ठभाग लगेच ऑक्साइड धरतो आणि स्क्रूखाली धातू हळूहळू दबत जातो, त्यामुळे जोड वर्षागणिक सैल होतात. त्या थेट तांब्याला पिळून जोडलेल्या असतील तर अजूनच वाईट. इथे डीबीबरोबर वायरिंगही बदलायचं अंदाजपत्रक करा.

याउलट एक लक्षण असं, ज्यात डीबी विसरून आधी फोन उचलायचा: काही दिवे मंद आणि त्याच वेळी काही नेहमीपेक्षा प्रखर. कुठेतरी न्यूट्रल सुटत आहे. थ्री फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल तुटला तर २३० व्होल्टची उपकरणं दोन फेजच्या मधे सापडतात आणि हलक्या लोडच्या बाजूला व्होल्टेज ४०० च्या आसपास जाऊ शकतं. मेन लगेच बंद करा आणि वीज कंपनीला कळवा. दोष बहुधा मीटरकडे किंवा खांबाकडे असतो.

एमसीबीचं वय मात्र नुसत्या वर्षांवर ठरत नाही. मानकातली चाचणी लोडवर ४००० वेळा चालू-बंद करण्याची आहे. घरात तेवढं होत नाही. पण एमसीबीचाच स्विच म्हणून रोज वापर होत असेल, खटका ढिला लागत असेल, किंवा त्याने मोठं शॉर्ट सर्किट तोडलं असेल, तर तो बदलावा.

नव्या डीबीत काय असावं

एक साधारण नमुना: सिंगल फेजची, दुहेरी दाराची धातूची पेटी. आज लागतात त्याहून किमान २० टक्के जागा मोकळ्या. मेन म्हणून ४० अँपिअरचा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी. इथे पुष्कळ ठिकाणी आयसोलेटर बसवतात. तो दिसतो एमसीबीसारखाच, पण आपणहून कधीच पडत नाही; तो फक्त हाताने बंद करायचा स्विच. मीटरजवळ योग्य रेटिंगचा एमसीबी किंवा फ्यूज असेल तरच आयसोलेटर चालतो. एमसीबीची शॉर्ट सर्किटचा करंट तोडण्याची क्षमता किमान ६ किलोअँपिअर, ट्रान्सफॉर्मर अगदी जवळ असेल तर १०.

आरसीसीबी ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअर, आणि तो एक नको, दोन हवेत. एकच असला की बाथरूमच्या गळतीमुळे अख्खं घर अंधारात जातं आणि फ्रिजही बंद पडतो. गिझर, वॉशिंग मशीन, बाहेरचे पॉइंट एकावर. दिवे, फ्रिज, बाकीचे सॉकेट दुसऱ्यावर. ऐपत असेल तर जड सर्किटांना प्रत्येकी आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकातच. टाइप मात्र ‘ए’ मागा. ‘एसी’ टाइप फक्त साध्या एसी गळतीला ओळखतो. इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन यांच्या इलेक्ट्रॉनिक्समधून डीसी अंश असलेली गळती येते आणि तिच्यापुढे तो आंधळा होऊ शकतो. ई-गाडीच्या चार्जरला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र आरसीबीओ. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखणारी सोय नसेल तर ‘बी’ टाइप लागतो.

वायरींच्या जोड्या अशा: दिव्यांना दीडची वायर आणि ६ किंवा १० चा एमसीबी, सॉकेट व गिझरला अडीचची आणि १६ चा, एसीला चारची आणि २० चा. सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या अचानक झटक्यापासून वाचवणारा) टाइप २ घेतलात तर त्याच्या जोडणीच्या वायरींची लांबी सगळी मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवायला सांगा. लांब वायरींचं वेटोळं करून बसवलेला सर्ज प्रोटेक्टर ऐन वेळी बराचसा निकामी ठरतो.

आरसीसीबी बसवला आणि तो वर टिकतच नाही

जुन्या घरात डीबी बदलल्यावर सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो, आणि दोष बिचाऱ्या आरसीसीबीला दिला जातो. कारण न्यूट्रलमध्ये आहे. जुन्या वायरिंगमध्ये सगळे न्यूट्रल एकाच पट्टीवर येत, त्यामुळे कुठल्या खोलीचा न्यूट्रल कुठून घेतलाय याची कुणी फिकीर करत नसे. जिन्यातल्या दिव्याचा फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल शेजारच्या स्विच बोर्डातून उसना. आता दोन आरसीसीबी आले. फेज पहिल्यातून गेला, न्यूट्रल दुसऱ्यातून परतला. दोघांनाही करंटचा हिशोब जुळेना, दोघेही पडतात.

इन्व्हर्टर असला की याच दुखण्याची मोठी आवृत्ती. इन्व्हर्टरवरच्या दिव्या-पंख्यांचा फेज इन्व्हर्टरमधून येतो, न्यूट्रल मात्र घराच्या समाईक पट्टीवर. इन्व्हर्टरचा इनपुट आरसीसीबीच्या आधी घेतला असेल आणि न्यूट्रल त्याच्या नंतरच्या पट्टीवर असेल, तर पहिला पंखा लावताच आरसीसीबी पडतो. उपाय: इन्व्हर्टरच्या सर्किटांना स्वतःची न्यूट्रल पट्टी, आणि त्यांच्यासाठी इन्व्हर्टरनंतर वेगळा आरसीसीबी. तात्पुरता तोडगा म्हणून आरसीसीबीला बगल देऊन न्यूट्रल थेट जोडून देणारे भेटतात. तसं केलं तर घरात आरसीसीबी फक्त शोभेला उरला.

म्हणून डीबी मागवण्याआधी दोन मोजमापं करून घ्या. पहिलं, प्रत्येक सर्किटची इन्सुलेशन चाचणी: ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर), फेज व न्यूट्रल एकत्र धरून अर्थिंगशी, किमान १ मेगाओहम. सगळी उपकरणं, एलईडी दिवे, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आधी सोडवलेले हवेत, नाहीतर ते जळतील. दुसरं, गळती मोजणारा क्लॅम्प मीटर मेनच्या फेज आणि न्यूट्रलभोवती एकत्र लावून बघायचा. सगळं घर चालू असताना ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे ९-१० हून जास्त गळती असेल तर तो उगाचच पडत राहील, कारण मानकानुसार तो १५ ते ३० च्या मधे कुठेही पडू शकतो. गळती जास्त निघाली तर सर्किटं वाटून आरसीसीबी वाढवा.

कामाच्या दिवशी

मीटरचं सील वीज कंपनीचं असतं. तिथून पुरवठा बंद करायचं काम परवानाधारकाकडूनच. मेन बंद झाला तरी इन्व्हर्टर चालू असेल तर अर्ध्या घराच्या वायरी जिवंत राहतात. इन्व्हर्टर बंद करून त्याची आउटपुट वायर सोडवून ठेवा. छतावर सोलर असेल तर त्याचाही स्विच. करंट नाही याची खात्री निऑन टेस्टरवर करू नये, दोन प्रोबच्या मीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असं तिन्हीकडे तपासावं.

जुनी पेटी सोडवण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक फेजला व त्याच्याच न्यूट्रलला एकच क्रमांक चिकटवा. क्रमांक न लावता सगळ्या वायरी मोकळ्या केल्या की उसन्या न्यूट्रलांचा गुंता दुप्पट होतो.

जोडणी करताना पुढ्यात उभं राहून एवढी एक गोष्ट बघा. एमसीबीच्या तोंडात एक छोटा पिंजरा असतो, स्क्रू फिरवला की तो वर येतो आणि वायर त्यात आवळली जाते. पिंजरा पूर्ण उघडलेला नसेल तर वायर त्याच्या आत न जाता पाठीमागे घुसते. स्क्रू घट्ट लागतो, ओढून बघितलं तर वायर जरा धरल्यासारखी वाटते, आणि प्रत्यक्षात ती नुसती अडकलेली असते. टॉर्चच्या उजेडात वायर पिंजऱ्याच्या आतच दिसली पाहिजे. बहुतारी वायरीच्या टोकाला फेरूल (धागे एकत्र धरणारी धातूची छोटी नळी) दाबून घ्यायला सांगा. वायर भोकात मावत नाही म्हणून चार धागे कापून टाकणाऱ्याला तिथेच थांबवा. चारच्या वायरीची तिथे अडीचची झाली. स्क्रू पूर्ण आवळायला साधारण २ ते २.५ न्यूटन-मीटरचा जोर लागतो, नेमका आकडा एमसीबीच्या कागदावर असतो. टॉर्क स्क्रूड्रायव्हर बाळगणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

प्रत्येक आरसीसीबीची न्यूट्रल पट्टी वेगळी आणि तिच्यावर नाव. अर्थिंगच्या वायरी एका स्क्रूखाली एकच. वापरात नसलेली पेटीची भोकं आणि मोकळ्या जागांची तोंडं ब्लँकिंग पट्टीने बंद. मग पुन्हा मेगर, मग पुरवठा, मग प्रत्येक आरसीसीबी टेस्टरने: ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत, पाचपट करंटला ४० मिलिसेकंदांच्या आत. नुसतं ‘टी’ बटण दाबून यंत्रणा हलते एवढंच कळतं, किती वेळात हलली ते कळत नाही.

कोणता एमसीबी कशाचा याचा तक्ता दाराच्या आत चिकटवून घ्या, ‘हॉल’, ‘बेडरूम’ असा मोघम नको. ‘किचन ओट्यावरचे दोन सॉकेट, अडीच स्क्वेअर एमएम’ असा. महिन्याभराने, सगळ्यात गर्दीच्या वेळी तासभर लोड चालू ठेवून इन्फ्रारेड थर्मामीटरने सगळे एमसीबी बघून घ्या. सगळे थोडेफार कोमट असणारच. शेजारच्या एमसीबींइतकाच लोड असून एखादा १५-२० अंशांनी जास्त गरम दिसला तर त्याचा जोड पुन्हा उघडून करायचा. आणि ‘टी’ बटण दर तीन महिन्यांनी. दाबूनही आरसीसीबी पडला नाही, तर पुरवठा आहे ना एवढं बघायचं, आणि असेल तर तो त्याच आठवड्यात बदलायचा.